एक ग्रॅम कोळसा आणि चार हजार टनांचा निर्णय

चंद्रपूर शहराच्या उत्तरेस, ताडोबाच्या वाटेवर, ऊर्जानगर ही वसाहत आहे. महाऔष्णिक विद्युत केंद्रासोबतच ती वाढली. केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला. पहिले दोन संच निवृत्त झाल्यानंतर २१० मेगावॅटचे दोन आणि ५०० मेगावॅटचे पाच अशा सात संचांची मिळून २,९२० मेगावॅट क्षमता राहिली. दुर्गापूर आणि पद्मापूर या कोळसा खाणी अगदी शेजारी आहेत. याखेरीज दूरच्या खाणींतूनही रेल्वेने कोळसा येतो. एका मालगाडीला साधारणपणे साठाच्या आसपास वाघिणी असतात आणि तिच्यात सुमारे चार हजार टन कोळसा मावतो.

हा कोळसा कोणत्या प्रतीचा, हे ठरते ते प्रयोगशाळेतील एका ग्रॅमवर. कोळशाची बारीक पूड करून ती २१२ मायक्रॉनच्या चाळणीतून काढतात आणि तिच्यातील जेमतेम एक ग्रॅम उष्मांकमापक यंत्रात प्राणवायूच्या दाबाखाली जाळून उष्मांक मोजतात. चार हजार टन म्हणजे चारशे कोटी ग्रॅम. त्यांतील एका ग्रॅमने उरलेल्या सर्वांविषयी साक्ष द्यायची आणि त्या साक्षीवर लाखो रुपयांचे देयक मान्य किंवा अमान्य व्हायचे! ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचे उत्तर संख्याशास्त्र देते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सरासरी आणि शेकडेवारी यांच्या पुढच्या पायरीवर जे संख्याशास्त्र शिकावे लागते आणि ज्याची अनेकांना धास्ती वाटते, तेच हे शास्त्र होय.

१ जानेवारी २०१२ पासून देशात कोळशाची प्रतवारी एकूण उष्मांकावर आधारलेली आहे. दर ३०० किलोकॅलरीला एक प्रत बदलते. किलोग्रॅममागे ४,३०१ ते ४,६०० किलोकॅलरी असल्यास दहावी प्रत, ४,००१ ते ४,३०० असल्यास अकरावी. प्रत उतरली की दर उतरतो. सीमारेषेजवळच्या कोळशाबाबत विकणारा व घेणारा यांच्यात मतभेद होतात ते यामुळेच, आणि त्रयस्थ संस्थेकडून नमुने घेण्याची व्यवस्था करावी लागली तीही यामुळेच.

सरासरीच्या पलीकडे

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. दहाव्या प्रतीचा म्हणून आलेल्या कोळशातून १६ नमुने घेतले. त्यांची सरासरी ४,२५० आली. केवळ सरासरी पाहणारा म्हणेल, कोळसा अकराव्या प्रतीचा आहे, देयक कमी करा. परंतु सोळाही नमुने सारखे नसतात. कोणात राख अधिक, कोणात ओल अधिक. सरासरीभोवती ते किती विखुरलेले आहेत याचे माप म्हणजे प्रमाण विचलन. ते २४० आहे असे धरू. त्याला नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने, म्हणजे ४ ने, भागले की ६० मिळतात. ही झाली सरासरीची प्रमाण त्रुटी. पुन्हा सोळा नमुने घेतले तर सरासरी किती हलू शकेल, याचा अंदाज तिच्यावरून येतो.

यापुढचे पाऊल विश्वास अंतरालाचे. नमुने थोडे असताना प्रमाण त्रुटीला कशाने गुणावे, हा प्रश्न डब्लिन येथील गिनेस या मद्यनिर्मिती कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिलेल्या निबंधात सोडवला. जवाचे आणि मद्याचे मोजकेच नमुने हाती असताना निर्णय घेणे त्यांना भाग होते. म्हणजे हे शास्त्र विद्यापीठाइतकेच कारखान्याच्या अंगणातही वाढले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. सोळा नमुन्यांसाठी, ९५ टक्के विश्वासपातळीवर, तो गुणक २.१३ आहे. ६० ला २.१३ ने गुणले की सुमारे १२८. तेव्हा खरी सरासरी ४,१२२ ते ४,३७८ यांच्या दरम्यान असावी, इतकेच म्हणता येते. ४,३०० ची सीमारेषा या टप्प्याच्या आतच पडते. याचा अर्थ, सोळा नमुन्यांच्या पुराव्यावर प्रत नाकारणे योग्य ठरणार नाही; आणि कोळसा खात्रीने दहाव्या प्रतीचा आहे, असेही म्हणता येणार नाही.

मग नमुने वाढवावेत काय? सरासरी व विचलन तेच राहिले असे धरून १०० नमुने घेतल्यास प्रमाण त्रुटी २४ होते आणि टप्पा ४,२०२ ते ४,२९८ असा आकुंचन पावतो. आता मात्र सीमारेषा बाहेर राहते. परंतु येथे वर्गमुळाचा हिशेब आडवा येतो. त्रुटी निम्मी करायची तर नमुने चौपट लागतात. प्रत्येक नमुन्याला मजूर, वेळ आणि प्रयोगशाळेचा खर्च लागतो, आणि गाडी खोळंबली तर रेल्वेचा विलंब आकार वेगळाच. अधिक अचूकतेसाठी किती खर्च करावा, हा खरा व्यावसायिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर सूत्रात सापडत नाही; चुकीच्या निर्णयाने किती नुकसान होईल, यावरून ते ठरवावे लागते.

चुका दोन प्रकारच्या असतात. चांगला कोळसा हलका ठरवला, तर विकणाऱ्यावर अन्याय. हलका कोळसा चांगला म्हणून स्वीकारला, तर वीज केंद्राचे नुकसान. पहिलीला उत्पादकाची जोखीम म्हणतात, दुसरीला ग्राहकाची. नमुने तेवढेच ठेवून एक जोखीम कमी केली की दुसरी वाढते. परिकल्पना चाचणीचा सारा धडा या एका वाक्यात आला आहे, तरी वर्गात तो पुष्कळदा केवळ कोष्टके पाहण्यात संपतो.

वाघिणीच्या माथ्यावरचा कोळसा

वरील सर्व गणित एका अटीवर उभे आहे: नमुना यादृच्छिक हवा. वाघिणीच्या कोणत्याही भागातील कोळशाला नमुन्यात येण्याची सारखी संधी हवी. प्रत्यक्षात हाताला लागतो तो माथ्यावरचा कोळसा. भरताना मोठे ढेकळे घरंगळून कडेला जातात, बारीक चुरा वेगळा साचतो, पावसात वरचा थर भिजतो. माथ्यावरून सोळाऐवजी शंभर नमुने घेतले तरी उत्तर सुधारत नाही. चुकीचे उत्तर अधिक ठामपणे मिळते, एवढेच. कोळशाचे नमुने कसे घ्यावेत यासाठी भारतीय मानक क्रमांक ४३६ उपलब्ध आहे, ते याच कारणाने.

या दोषाचे उत्तम उदाहरण शेतीतले आहे आणि त्याचा शोध घेणारे शास्त्रज्ञ महाराष्ट्राचे होते. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगांना यादृच्छिक नमुना पद्धतीची बैठक दिली. शेतात आखलेली चौकट फार लहान असेल, तर कडेवरची रोपे आत ओढून धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी १९४० च्या दशकात आकड्यांनिशी दाखवले. कोणी मुद्दाम लबाडी करावी लागत नाही. पीक विम्याची भरपाई आजही कापणी प्रयोगांवर अवलंबून असल्यामुळे चौकटीच्या कडेवरचे ते रोप शेतकऱ्याला महागात पडू शकते: उत्पन्न फुगले की भरपाई घटते.

मे महिन्यातील दोन आलेख

सहसंबंध व समाश्रयण ही प्रकरणे विद्यार्थ्याला त्यामानाने सोपी वाटतात, आणि तेथेच फसगत अधिक होते. चंद्रपूरचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. पारा ४५ अंशांवर गेला की पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे एकदम चालू होतात. तापमान व वीजमागणी यांच्या जुन्या नोंदींवरून समाश्रयण रेषा काढली तर उद्याच्या मागणीचा अंदाज बांधता येतो, कोळशाच्या साठ्याचे नियोजन करता येते. पण याच दिवसांत चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत तेंदूपाने गोळा करण्याचा हंगामही ऐन भरात असतो. गोळा झालेले पुडे आणि विजेची मागणी यांचे आलेख शेजारी ठेवले तर दोन्ही बरोबरच चढताना दिसतील. म्हणून तेंदूपाने तोडल्याने वीज जास्त लागते, असे कोणी म्हणणार नाही. दोहोंच्या मागे ऋतू आहे. उदाहरण हास्यास्पद आहे म्हणून चूक लगेच दिसते. जाहिरातीचा खर्च आणि विक्री यांचे आलेख असेच शेजारी ठेवले की ती दिसत नाही.

समाश्रयण रेषेची आणखी एक मर्यादा आहे. ३० ते ४५ अंशांच्या नोंदींवर काढलेली रेषा ४८ अंशांना काय होईल हे सांगू शकत नाही. तोवर सारी यंत्रे चालूच असतील, तर मागणी आणखी वाढणार कशाने?

गोंडवाना विद्यापीठाची स्थापना २०११ साली गडचिरोली येथे झाल्यापासून या दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालये त्याच्या कक्षेत आहेत. तेथील वाणिज्याच्या विद्यार्थ्याला उदाहरणांसाठी दूर जाण्याचे कारण नाही. संगणक आता प्रमाण विचलन क्षणात काढतो. तो माथ्यावरच्या कोळशाचेही काढतो आणि तळाच्याही. नमुना कोठून, कोणी, कसा घेतला, हे त्याला ठाऊक नसते. त्यासाठी वाघिणीजवळ जाऊन उभे राहावे लागते.