विश्लेषण : २१ दिवसांत सवय लागते? यशाचे ‘कानमंत्र’ विद्यार्थ्यांनी कसे तपासावेत?

‘२१ दिवस पहाटे उठा, सवय लागेल’, ‘डोळे मिटून ९५ टक्के गुण पाहा, मिळतील’... परीक्षा जवळ आल्या की असे रील्स विद्यार्थ्यांच्या मोबाइलवर फिरू लागतात. त्यांना आधार किती? आणि ते तपासायला वर्गात कसे शिकवता येईल?

२१ दिवसांचा आकडा आला कुठून?

अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल माल्ट्झ यांच्या १९६० मधील ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना ‘किमान’ २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे ‘किमान’ गळाले, नियम उरला. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा अभ्यास केला, तेव्हा सवय लागण्याचा काळ १८ ते २५४ दिवस असा निघाला. मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, हेही दिसले.

यशाची कल्पना केल्याने गुण वाढतात?

लिएन फाम आणि शेली टेलर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी चांगल्या गुणांची, तर काहींनी अभ्यासाला कसे बसायचे याची कल्पना केली. गुण दुसऱ्या गटाचे सुधारले.

‘हे माझ्याबद्दलच आहे’ असे का वाटते?

१९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्राम फोरर यांनी वर्गातील ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि ‘तुमचे स्वभाववर्णन’ म्हणून प्रत्येकाला एकच मजकूर दिला. तो किती जुळतो, याला विद्यार्थ्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले! कोणालाही लागू पडेल असे मोघम बोलणे आपल्याला नेमके वाटते. हा प्रयोग आजही कोणत्याही वर्गात तासाभरात करता येतो.

वर्गात कोणते प्रश्न विचारावेत?

- हे मुळात कोणी, कोणाबद्दल सांगितले?
- हेच करूनही अपयश आलेल्यांची मोजणी झाली का? फलकावर फोटो फक्त यशस्वी मुलांचे असतात.
- काय दिसले, तर हा दावा चुकीचा मानायचा?

हे महत्त्वाचे का?

सगळेच सल्ले टाकाऊ नसतात. मात्र २२व्या दिवशी जाग आली नाही, तर विद्यार्थी नियमाला नव्हे, स्वतःला दोष देतो. ‘माझ्यातच जिद्द नाही’ म्हणून प्रयत्न सोडतो. ६६ आणि २५४ हे आकडे ठाऊक असलेला विद्यार्थी २३व्या दिवशी पुन्हा गजर लावू शकतो.