घारापुरीला उस्ताद हवा

घारापुरी आमच्या द्रोणागिरीच्या शेजारचं बेट, उरण तालुक्यातलंच. तिथल्या लेण्यांच्या नावानं पर्यटन महामंडळ एलिफंटा महोत्सव भरवत आलं. मोठे गवई आले. काही वर्षी तर मंचच गेटवेपाशी गेला. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदरच्या पोरांना काय मिळालं? ऐकायला मिळालं, तेही कमी नव्हे. पण गाणं अंगी यायला चुकलेला सूर तिथल्या तिथं धरणारा उस्ताद लागतो. गझलेत आम्ही याला इस्लाह म्हणतो. आगरी लग्नात धवळे गाणारी धवलारीणही जाणतीशेजारी बसूनच तयार होते. म्हणून महोत्सवाच्या खर्चातून दर आठवड्याला एक संगीतशिक्षक लाँचनं बेटावर जावा. समुद्राखालच्या केबलनं वीज पोचायला २०१८ साल उजाडलं. तंबोऱ्याला तर तीही लागत नाही.