वर्गाचा संगणक तीनदा अडला, त्याची हकीकत



गेल्या अंकाला उशीर का झाला, असे अनेकांनी विचारले. कारण होते आपल्या वर्गाचा संगणक. २०१८ साली घेतलेला हा संगणक विंडोज १० वर चालत असे. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मोठ्या वर्गातले आम्ही तिघे आणि दोन काका विंडोज ११ बसवायला बसलो. काम तीनदा अडले. कोणाच्या घरी असाच संगणक असेल तर उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहोत.

पहिल्या अपयशानंतरच एक काका म्हणाले, "सगळे पुसून नव्यानेच टाकू या." आम्ही तयार झालो होतो. पण सहज म्हणून जुन्या अंकाची एक फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली, तर पडद्यावर एकही मराठी अक्षर नाही! नुसती इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र चिन्हे.

असे का होते? युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये साठते ते इंग्रजी अक्षर. त्याला मराठी अंगरखा चढवतो तो फॉन्ट. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीची सोय आली, पण आपला अंक त्यानंतरही कितीतरी वर्षे जुन्याच फॉन्टमध्ये टाइप होत राहिला. सगळे पुसले असते तर फाइली वाचल्या असत्या, पण त्या वाचता आल्या नसत्या. काही वर्षांच्या तर कागदी प्रतीही उरलेल्या नाहीत.

म्हणून आधी सगळ्या फाइली आणि त्यांच्याबरोबर फॉन्टही पेन ड्राइव्हवर घेतले. मग ते दुसऱ्या संगणकावर बसवून फाइली नीट उघडतात ना, हे पाहिले. नुसती नक्कल करून भागत नाही. डिस्क कुलूपबंद, म्हणजे बिटलॉकर लावलेली असेल, तर तिची ४८ आकडी किल्लीही कागदावर उतरवून ठेवावी. पुढचे बदल करताना संगणक ती मागू शकतो.

आता अडथळे. पहिला सोपा होता. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते. ती आमच्या संगणकात होती, पण बंद होती. इंटेलच्या संगणकात ती पीटीटी आणि एएमडीच्या संगणकात एफटीपीएम या नावाने बायोसमध्ये सापडते.

दुसऱ्याने मात्र घाम फोडला. आमची डिस्क त्याआधीच्या संगणकातून काढून बसवलेली. तिची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची, आणि विंडोज ११ ला हवी यूईएफआय पद्धत, तिच्यासाठी डिस्क जीपीटी मांडणीची लागते. विंडोज १० मध्येच एमबीआर२जीपीटी नावाचे साधन आहे. ते काही न पुसता मांडणी बदलते. ते चालवले, संगणक पुन्हा सुरू केला, आणि काळा पडदा! आमच्यातल्या एकाला रडूच फुटले. चूक आमचीच होती. मांडणी बदलल्यावर बायोसमध्ये जाऊन जुनी पद्धत बंद करून यूईएफआय निवडावी लागते, तेच आम्ही विसरलो होतो. निवडल्याबरोबर संगणक सुरू झाला.

तिसऱ्या वेळी काम अर्ध्यापर्यंत गेले आणि संगणक आपोआप मागे फिरून विंडोज १० वर आला. हे दिसते तितके वाईट नाही. आपले काही जात नाही आणि संगणक एक क्रमांक दाखवतो, तो लिहून घ्यावा. आमच्या क्रमांकात सी१९००१०१ होते. असा क्रमांक बहुधा ड्रायव्हरची अडचण सांगतो. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि उपकरण यांच्यामधला दुभाषा. (८००७००७० आला तर डिस्कवर जागा कमी आहे असे समजावे.) आम्ही स्कॅनर, प्रिंटर सगळे सोडवले, जुन्या स्कॅनरचा ड्रायव्हर काढून टाकला आणि चौथ्यांदा काम पुरे झाले. नंतर काही बिघडलेच तर साधारण दहा दिवसांपर्यंत विंडोज १० वर परत जाता येते, तोवर जागा करण्यासाठी काही पुसू नये.

तुमचा संगणक इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा असेल तर तो सहसा विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. त्यावर लिनक्स टाकता येते आणि मराठी टंकलेखनही होते.

जुने अंक युनिकोडमध्ये आणायचे काम आम्ही सुरू केले आहे. ज्यांच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइली असतील त्यांनी त्या फॉन्टसह पेन ड्राइव्हवर घालून पुढच्या वर्गाला आणाव्यात.