डोंगरातल्या गावात फॅमिली ट्रिप: प्लॅन आजीपासून सुरू करा

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना केलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे काढलेत. जे राहिलेत ते चालवून घ्या.

आजचा विषय: मे महिन्याच्या सुट्टीत अख्ख्या घराला घेऊन डोंगरातल्या गावात जायचं, तर प्लॅनिंग कसं करायचं? उदाहरण घेऊया भंडारदरा परिसराचं, म्हणजे अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. कारण तिथे मी गेल्या वर्षी प्लॅन करून गेलो होतो आणि तो प्लॅन सपशेल आपटला.

काय झालं होतं

आम्ही सात जण. आजी, आई-बाबा, ताई, भाऊजी, सहा वर्षांची भाची आणि मी. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे स्प्रेडशीट माझ्याकडे. पहिल्या दिवशी धरण आणि मंदिर, दुसऱ्या दिवशी कळसूबाई, तिसऱ्या दिवशी सांधण दरी. सगळं रील बघून ठरवलेलं.

पुण्यातून नऊला निघालो. ॲप म्हणत होतं पाच तास, लागले आठ. भाचीला वळणांवर दोनदा उलटी झाली. आजीचे गुडघे गाडीत बसून आखडले. पोचल्यावर सगळ्यांनी आंघोळी केल्या. मी तर दोनदा केली, एकदा पोचल्यावर आणि एकदा झोपायच्या आधी, कारण उकडत होतं. दुसऱ्यांदा करताना मध्येच नळ बंद पडला. साबण अंगावर. मी आतूनच ओरडलो, "मावशी, पाणी गेलं!"

ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या मावशी काही बोलल्या नाहीत. डोक्यावर चुंबळ ठेवली, दोन हंडे घेतले आणि बॅटरीच्या उजेडात विहिरीकडे गेल्या. परत यायला त्यांना अर्धा तास लागला. अंगणात बसलेली आजी हे सगळं बघत होती. ती जुन्नरकडची, लग्नानंतर बरीच वर्षं तिनेही पाणी शेंदलंय. रात्री मला एवढंच म्हणाली, "पैसे तू भरलेस रे, पण पाणी त्यांनी भरलं."

पुढचे दोन दिवस आम्ही काय बघितलं ते मला फारसं आठवत नाही. हे वाक्य मात्र आठवतं. म्हणून या वर्षीचा प्लॅन मी दोन प्रश्नांपासून सुरू केला. आपल्यातला सगळ्यात हळू चालणारा माणूस कोण? आणि तिथे पाणी कुठून येतं? बाकी सगळं यानंतर. आपल्या भाषेत सांगायचं तर सिस्टिमचा वेग तिच्या सगळ्यात संथ भागाइतकाच असतो. आजीला काढून टाकून सिस्टिम फास्ट करता येत नाही.

डोंगर म्हणजे थंड, हे कितपत खरं?

उंची 1000 मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. पुणे सुमारे 560 मीटरवर आहे, भंडारदरा साधारण 750 मीटरवर. फरक दोनशे मीटरच्या आत, म्हणजे जेमतेम एक अंश. महाबळेश्वर 1350 मीटरच्या आसपास आहे, म्हणून तिथे फरक जाणवतो. तेव्हा मे महिन्यात भंडारदऱ्याची दुपार ही जवळपास पुण्याचीच दुपार असते. बदल जाणवतो तो रात्री आणि पहाटे.

दुसरा गैरसमज हिरवळीचा. रीलमधले धबधबे आणि हिरवेगार डोंगर जुलै-ऑगस्टमधले असतात. मे महिन्यात तेच डोंगर तपकिरी दिसतात. त्यांचीही एक मजा आहे, पण ती आधी माहीत हवी. नाहीतर ताई म्हणाली तसं होतं, "अरे, धबधबा कुठाय?"

मग जायचं कधी? शाळेची सुट्टी धरली तर दोन खिडक्या आहेत. मे महिन्याचा पहिला पंधरवडा: करवंदं, आंबे, गर्दी कमी, पण ऊन कडक आणि विहिरींचं पाणी तळाला. दुसरी खिडकी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत: ढग येतात, वळवाच्या सरी येतात आणि काजवे दिसतात. मान्सून मुंबईत पोचायची सर्वसाधारण तारीख 11 जून, पण 2025 मध्ये तो 26 मेलाच येऊन थडकला होता. म्हणून दुसरी खिडकी निवडली तर निघायच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा आणि बुकिंग करताना तारीख बदलता येईल का ते विचारून ठेवा.

रस्ता: ॲपच्या वेळेला दीडने गुणा

मुंबईकरांसाठी कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून आत वळून बारीवरून शेंडी. शेंडी म्हणजे धरणाजवळचं गाव. पुणेकरांसाठी संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी. पुण्याहून पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर धरा.

ॲपची वेळ न थांबणाऱ्या गाडीची असते. लहान मूल आणि ज्येष्ठ माणूस बरोबर असेल तर दर दीड तासाला थांबावंच लागतं. म्हणून दीडने गुणा आणि पहाटे साडेपाचला निघा. उन्हं चढायच्या आत पोचता येतं. मुलांना गाडी लागत असेल तर निघताना पोट गच्च भरू नका, घाटात मोबाइल बघायला देऊ नका, खिडकी उघडी ठेवा. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून. आणि जो गाडी चालवणार त्याच्यासाठी: उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, सतत ब्रेकवर पाय नको. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते.

ॲपमधला नकाशा घरूनच डाउनलोड करा. दऱ्याखोऱ्यांत नेटवर्क येतं-जातं. यजमानांना विचारा की तुमच्याकडे कुठलं सिम चालतं. आणि रोख पैसे घ्या. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआय नाही.

घर ठरवताना फोनवर विचारायचे पाच प्रश्न

एक, छप्पर कौलाचं आहे की पत्र्याचं? पत्र्याखाली दुपारी भट्टी होते.
दोन, संडास घराला लागून आहे का आणि बसायचा की कमोडचा? आजीसाठी हाच प्रश्न सगळ्यात मोठा. कमोड नसेल तर घडीची कमोड खुर्ची मिळते, ती डिकीत मावते.
तीन, गाडीपासून दारापर्यंत किती पायऱ्या?
चार, सगळ्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठलं आणि रात्री तिथे कोणी असतं का?
पाच, सध्या पाणी कुठून येतं? विहीर, नळ की टँकर?

पाचवा प्रश्न विचारला की समोरचा माणूस क्षणभर थांबतो. मग मोकळेपणाने बोलतो. माझा अनुभव असा की या प्रश्नानंतर तुम्ही त्यांच्यासाठी 'कस्टमर' राहत नाही, पाहुणे होता.

धरणाशेजारी तहान का?

हे नीट समजून घेऊ, कारण मलाही आधी कोडंच वाटायचं. प्रवरा नदीवरचं विल्सन धरण 1926 मध्ये पूर्ण झालं. समोर एवढा मोठा जलाशय. पावसाळ्यात या भागात इतका पाऊस पडतो की जवळच्या घाटघरला जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. मग मे महिन्यात विहिरी कोरड्या का?

कारण खडक. सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा बनलेला आहे. हा खडक स्पंजसारखा नाही. पाणी मुरतं ते फक्त त्याच्या भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरांमध्ये. उतार तीव्र, माती कमी, त्यामुळे पडलेलं बहुतेक पाणी धावत खाली जातं. जे धरणात अडतं ते मुख्यतः खालच्या भागातल्या शेतीसाठी असतं. आणि गावं, पाडे धरणाच्या वर, उतारावर. पाणी डोळ्यांसमोर दिसतं, पण वर चढवायचं कसं? त्यासाठी पंप हवा, वीज हवी, पाइपलाइन हवी. यातलं एक जरी बंद पडलं की डोक्यावर हंडा येतो. आणि तो बहुतेक वेळा बाईच्याच डोक्यावर येतो.

आता आकडे बघा. जल जीवन मिशनचं ग्रामीण भागासाठीचं प्रमाण आहे माणशी रोज 55 लिटर. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर ओततो. म्हणजे माझा पाच मिनिटांचा शॉवर म्हणजे मावशींचं जवळपास दिवसभराचं पाणी. आणि मी तो दोनदा घेतला होता.

या वर्षी आमचे नियम असे: आंघोळ दिवसातून एकदा, एका बादलीत. कपडे तिथे धुवायचे नाहीत, घाण कपडे पिशवीत भरून घरी. निघताना वीस लिटरचे दोन पाण्याचे कॅन गाडीत. बिसलेरीच्या बाटल्यांचा ढीग तिथे टाकून यायचा नाही, प्लास्टिक परत आणायचं. भाऊजी म्हणाले, "पैसे देतोय ना आपण?" आजीने त्यांच्याकडे फक्त बघितलं. विषय संपला.

दिवसाला एकच गोष्ट

गेल्या वर्षीची स्प्रेडशीट मी डिलीट केली. आता नियम असा की एका दिवसात एकच ठिकाण, तेही सकाळी. अकरा ते चार कौलाखाली. पत्ते, झोप, करवंदं.

रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आजीसाठी. जुनं, काळ्या दगडातलं, बारीक कोरीव काम असलेलं. मुख्य म्हणजे गाडी जवळपास दारापर्यंत जाते. शेजारची पुष्करणीही बघण्यासारखी.

कळसूबाई, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. हे फक्त ताई, भाऊजी आणि माझ्यासाठी. बारी गावातून पहाटे अंधारात निघायचं, माणशी तीन लिटर पाणी, ऊन तापायच्या आत खाली. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. आई-बाबा आणि आजी त्या दिवशी घरीच. सगळ्यांनी सगळं एकत्रच केलं पाहिजे हा हट्ट सोडला की निम्मी भांडणं संपतात.

सांधण दरी आम्ही यादीतून काढली. ती अरुंद घळ आहे, मोठे दगड उतरत जावं लागतं आणि वर कुठे पाऊस झाला तर पाणी अचानक भरतं. वळवाच्या दिवसांत लहान मुलाला घेऊन तिथे जायचं नाही.

काजवे: बघा, पण दिवे बंद

काजव्यांचा प्रकाश म्हणजे त्यांची हाक असते. नर लुकलुकतो, मादी उत्तर देते, त्यातून पुढची पिढी. प्रौढ काजव्याच्या हातात जेमतेम काही आठवडे असतात. त्यात आपण गाडीचे हेडलाइट आणि मोबाइलचा टॉर्च मारला तर त्यांना एकमेकांची हाक दिसतच नाही. आपली एक रील म्हणजे त्यांचा एक वाया गेलेला हंगाम.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. तिथे वनविभाग रात्रीची वेळ आणि गाड्यांवर निर्बंध घालतो, ते जायच्या आधी विचारून घ्या. शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार निवडा. रात्री गाडी काढूच नका. यजमानांना विचारलं तर ते गावाजवळचंच एखादं झाड दाखवतात. बॅटरीला लाल कागद लावा, उजेड जमिनीकडे ठेवा. आणि बाटलीत काजवे भरायचे नाहीत, हे मुलांना घरूनच सांगून न्या.

औषधांची पिशवी

बीपी-शुगरच्या गोळ्या मुक्कामापेक्षा तीन दिवस जास्तीच्या घ्या आणि अर्ध्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. ओआरएस हवंच. सकाळी बूट झटकून घाला, अंथरूण झटका, रात्री चप्पल आणि बॅटरीशिवाय बाहेर पडू नका. विंचू किंवा साप चावलाच तर कापणं, चोखणं, मंत्र असलं काही नको. थेट दवाखाना, नाहीतर 108. विंचूदंशाने एकेकाळी कोकणात कितीतरी जीव जायचे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे औषध वापरून ते चित्र बदललं, त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. उपचार आहे, फक्त वेळेत पोचायला हवं.

शेवटी

या वर्षी मी त्याच मावशींना फोन केला. आधी लाज वाटत होती. म्हटलं, "मावशी, गेल्या वर्षी पाणी संपवलं तोच मी बोलतोय." त्या हसल्या. म्हणाल्या, "मग या वर्षी मंगळवारी या, त्या दिवशी टँकर येतो." आमची तारीख अशी ठरली, टँकरच्या वारावरून. स्प्रेडशीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

आजीने तिची पिशवी आत्ताच भरून ठेवलीये. त्यात मावशींसाठी एक लुगडं आहे.

तुमच्या घरातला सगळ्यात हळू चालणारा माणूस कोण? आज रात्री जेवताना त्यांना विचारा, "तुला कुठे जायचंय?" प्लॅन तिथून सुरू करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या आणि नळ नीट बंद करा!