पापलेट पहिलं, हे ठरवलं कोणी?

रविवारी सकाळी डोंबिवलीच्या मासळी बाजारात एखाद्या कोळणीच्या पाटीसमोर पंधरा मिनिटं उभं राहिलं, की महाराष्ट्राच्याच नव्हे, अर्ध्या देशाच्या जिभा ऐकू येतात. मालवणी गिऱ्हाईक बांगड्याचे कल्ले उघडून बघतं. बंगाली जोडपं पाल्याच्या पोटावरून बोट फिरवतं आणि त्याला ‘इलिश’ म्हणतं. मल्याळी गृहस्थ तारलीकडे बोट दाखवून ‘मत्ती’ मागतो. सीकेपी आजी ओल्या मासळीकडे न बघता थेट सोड्यांचा भाव विचारतात. तेवढ्यात घाईत असलेला एक तरुण येतो, ‘मावशी, पापलेट कसं दिलं?’ एवढंच विचारतो, दोन मोठी पापलेटं पिशवीत घालून निघतो. सगळ्यांत जास्त पैसे त्यानेच मोजलेले असतात. सगळ्यांत चवदार मासा त्यानेच नेला का, हा प्रश्न मात्र उरतो.

ठाणे ते कल्याण हा पट्टा या प्रश्नासाठी अगदी योग्य आहे. भाऊचा धक्का आणि ससून डॉकवरची समुद्राची मासळी इथे येते, आंध्रच्या तळ्यांतली रोहू-कटला बर्फात घालून येते, उल्हास नदीच्या खाडीतली चिंबोरी आणि बोय येते, आणि मुरबाड-शहापूरच्या बाजूने पावसाळ्यात ओढ्यांतले मासेही येतात. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा, खाडीकाठची आगरी गावं आणि नोकरीसाठी देशभरातून आलेली कुटुंबं, सगळ्यांची आपापली क्रमवारी आहे. त्या क्रमवारीत काही जुने गैरसमजही मुरलेले आहेत.

गैरसमज : सगळ्यांत महाग तो सगळ्यांत चवदार

वस्तुस्थिती : मासळीचा भाव चवीवर कमी आणि सोयीवर जास्त ठरतो. पापलेटला मधोमध एक सरळ काटा, मांस पांढरं आणि सौम्य. लहान मूल खाऊ शकतं, पाहुण्याला वाढता येतं, हॉटेलात अख्खा मासा एका ताटात मावतो. वर निर्यातीची मागणी. त्यामुळे धक्क्यावरची मोठी पापलेटं गल्लीतल्या पाटीपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांचा भाव चढलेला असतो.

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. हा चवीच्या स्पर्धेचा निकाल आहे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात त्यामागे काळजी होती. पालघर जिल्ह्यातलं सातपाटी ज्या पापलेटासाठी ओळखलं जातं, त्याचीच पिल्लं मोठ्या प्रमाणात जाळ्यात येऊ लागली आणि मोठा मासा कमी झाला. त्याच वर्षी राज्याने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान मासा पकडायचा नाही. तळहाताएवढी पापलेटं स्वस्त मिळाली म्हणून खूश होणाऱ्या गिऱ्हाइकाने हे लक्षात ठेवायला हवं.

उलट तारली स्वस्त आहे ती बेचव म्हणून नाही. ती थव्याने सापडते, एकदम उतरते आणि लवकर खराब होते, म्हणून विक्रेत्याला ती दुपारच्या आत संपवावी लागते. तेलाने भरलेली ताजी तारली चवीत कुणालाच हार जात नाही. केरळी स्वयंपाकघरात तिचा मान पापलेटाहून कमी नाही.

गैरसमज : काटे कमी तो मासा चांगला

वस्तुस्थिती : काट्यांचा आणि चवीचा संबंध असलाच तर तो बऱ्याचदा उलटा आहे. पाला, करली, तारली ही मंडळी काट्यांसाठी बदनाम आहेत. पण पाला आणि तारली यांच्या मांसात भरपूर तेल असतं, आणि माशाचा वास, ओलावा, जिभेवर रेंगाळणारी चव यांत या तेलाचा मोठा वाटा असतो. पाला समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत शिरतो. या प्रवासासाठी तो अंगात चरबी साठवतो. बंगाली घरांत त्याच्यासाठी जीव टाकतात तो या चरबीसाठी.

काट्यांवर आपल्याकडेही उपाय आहेत. करलीच्या तुकड्यांना जवळजवळ बारीक चिरा देऊन ती कडक तळली, की बारीक काटे जाणवत नाहीसे होतात. मांदेलीला तर तेवढेही कष्ट नाहीत. डोकं काढून, मीठ-हळद-तिखट लावून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर टाकली की काट्यासकट कुरकुरीत होते. बोंबलाची अडचण वेगळी. त्याच्या मांसात जवळपास 90 टक्के पाणी असतं. म्हणून तो चिरून, पाट्याखाली किंवा जड भांड्याखाली दाबून पाणी काढायचं आणि मगच रवा लावायचा. हे न करता तळलेला बोंबील तव्यावरच विरघळतो आणि दोष बिचाऱ्या माशाला मिळतो.

गैरसमज : गोड्या पाण्यातला मासा मातकटच लागतो

वस्तुस्थिती : या समजात थोडं तथ्य आहे, पण सगळं नाही. तळ्यातल्या शेवाळात आणि सूक्ष्म जीवांत जिओस्मिन नावाचं द्रव्य तयार होतं. पहिल्या पावसात मातीला जो वास येतो, त्यातलंच हे द्रव्य. ते माशाच्या चरबीत साठतं आणि माणसाच्या नाकाला ते अगदी थोडं असलं तरी कळतं. साचलेल्या, शेवाळलेल्या तळ्यातला रोहू मातकट लागतो तो यामुळे. स्वच्छ, वाहत्या पाण्यातला तोच रोहू तसा लागत नाही. काही दिवस स्वच्छ पाण्यात ठेवला तरी हा वास ओसरतो. आंबटानेही जिओस्मिन कमी होतं, त्यामुळे चिंच, कोकम किंवा लिंबू लावून ठेवण्याची जुनी रीत रसायनशास्त्रालाही पटणारी आहे.

समुद्राच्या माशाला एक फायदा मात्र खरा आहे. खाऱ्या पाण्यात अंगाचा समतोल राखण्यासाठी समुद्री जीव पेशींत काही अमिनो आम्लं साठवतात. त्यातलं ग्लायसिन चवीला गोडसर असतं. समुद्राच्या कोळंबीचा गोडवा मुख्यतः त्याचाच.

गैरसमज : वळगणीचा मासा म्हणजे चवीची परमावधी

वस्तुस्थिती : पहिल्या जोरदार पावसात नदीतले मासे उलट्या प्रवाहाने ओढ्यांत आणि भातखाचरांत चढतात. कल्याणच्या पुढे, मुरबाड-शहापूरकडे या वळगणीची वर्षभर वाट पाहिली जाते. रात्री बत्त्या घेऊन निघालेली माणसं, पायाशी सळसळणारे मासे, ही मजा खरी. पण हे मासे चढतात ते अंडी घालण्यासाठी. अंगातली बरीच शक्ती अंडी बनवण्यात आणि चढण चढण्यात गेलेली असते. ताटात येते ती गाभोळी, आणि लोकांना आवडते तीही गाभोळीच. मांसाची चव त्या काळात उत्तम असतेच असं नाही. आणि एका रात्रीत पाटी भरून माद्या पकडल्या, तर पुढच्या वर्षी त्या ओढ्यात किती मासे चढतील, हा हिशोब गावातले जुने लोकही आता मांडू लागले आहेत.

गैरसमज : बर्फातला मासा शिळा, बर्फाविना ठेवलेला ताजा

वस्तुस्थिती : हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. मासा मेल्यावर काही तासांत त्याच्या मांसातली ऊर्जाद्रव्यं मोडतात आणि त्यातून इनोसिनेट तयार होतं. हे द्रव्य माशाला मुरलेली, मांसल चव देतं. पुढे तेच मोडून कडवट द्रव्यं तयार होतात. बर्फ हा दुसरा टप्पा लांबवतो. म्हणजे धक्क्यावर लगेच बर्फात घातलेली सुरमई दुसऱ्या दिवशीही चवदार असू शकते, आणि उन्हात चार तास बर्फाविना पडलेली सकाळची सुरमई वाया गेलेली असते.

बांगडा ‘उष्ण’ असतो, त्याने अंगावर पित्त उठतं, असं अनेक घरांत म्हणतात. त्यामागचं एक खरं कारण बर्फाचंच आहे. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल जास्त असतं. मासा गरम जागी राहिला की जंतू त्यापासून हिस्टामिन बनवतात. ते खाल्लं की तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं दुखतं. आणि हे हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. नीट थंड ठेवलेल्या बांगड्याने एरवी असा त्रास होत नाही, ज्याला माशाची ॲलर्जीच आहे त्याची गोष्ट वेगळी.

ताजेपणा ओळखायला बर्फ बघायचा नाही. डोळे फुगीर आणि चमकदार, कल्ले लालभडक, अंग ताठ, बोटाने दाबलं की खड्डा लगेच भरून येणारं, आणि वास समुद्राचा. समुद्री माशाला जो उग्र ‘मासळी’चा वास येतो, तो जंतू कामाला लागल्यावर तयार झालेल्या ट्रायमिथिलअमिनचा. ‘माशाला वास यायचाच’ हे वाक्य म्हणूनच ताज्या माशाला लागू पडत नाही.

गैरसमज : जून-जुलैत बाजारातला सगळा मासा जुना

वस्तुस्थिती : पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. पण पूर्व किनाऱ्यावरची बंदी 15 एप्रिल ते 14 जून अशी असते. म्हणजे जूनच्या मध्यापासून तिकडच्या बोटी समुद्रात असतात आणि तिकडचा मासा बर्फात घालून इकडे येतो. शिवाय बंदी यांत्रिक बोटींवर असते, त्यामुळे बिनइंजिनाच्या होड्यांनी खाडीत पकडलेली मासळीही बाजारात दिसते. जुलैत दिसलेला प्रत्येक बांगडा शिळाच, असं नाही. फक्त तो कुठून आला आणि किती दिवस बर्फात होता, हे विचारायला हवं. बंदी उठल्यावर, ऑगस्टनंतर मात्र अनेक माशांच्या अंगात तेल भरलेलं असतं. बांगड्याच्या चाहत्यांनी हे दिवस हातचे जाऊ देऊ नयेत.

गैरसमज : रावस म्हणजे आपला सामन

वस्तुस्थिती : हॉटेलांच्या मेनूकार्डांवर असं लिहिलेलं असतं खरं, पण रावस आणि सामन यांचं नातंच नाही. रावसाच्या छातीजवळच्या परांखाली धाग्यांसारखे लांब तंतू असतात, आणि तो त्या तंतूवाल्या माशांच्या कुळातला. सामनचा गुलाबी रंग त्याच्या खाण्यातल्या रंगद्रव्याचा, रावसाचं मांस फिकट. तसंच हलव्याचं. त्याला ‘काळं पापलेट’ म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नाही. आणि हॉटेलातला बिनकाट्याचा स्वस्त पांढरा तुकडा बऱ्याचदा बासाचा असतो, म्हणजे व्हिएतनामच्या मेकाँग नदीच्या बाजूने आलेल्या गोड्या पाण्यातल्या माशाचा.

गैरसमज : अवसेची चिंबोरी भरलेली, पुनवेची पोकळ

वस्तुस्थिती : ठाण्याच्या आणि उल्हास नदीच्या खाडीतल्या चिंबोऱ्यांबद्दल हा ठाम समज आहे. चिंबोरी पोकळ निघते ती कवच नुकतंच बदललेलं असलं की. जुनं कवच टाकल्यावर ती पाणी शोषून फुगते, आत मांस कमी असतं. भरती-ओहोटीचा या चक्राशी थोडाफार संबंध असू शकतो, पण एका बाजारातल्या सगळ्या चिंबोऱ्या एकाच तिथीला कवच टाकत नाहीत. कॅलेंडरपेक्षा पोटाकडची बाजू दाबून पाहावी. ती घट्ट लागली आणि चिंबोरी आकाराच्या मानाने जड वाटली, तर ती भरलेली.

गैरसमज : सुकी मासळी ही ओली परवडत नाही त्यांची

वस्तुस्थिती : चवीच्या बाबतीत ऊन हा उत्तम स्वयंपाकी आहे. पाणी गेलं की चव देणारी द्रव्यं एकवटतात. सोललेली कोळंबी वाळवून केलेले सोडे ओल्या कोळंबीपेक्षा कितीतरी महाग असतात, आणि सोड्यांच्या खिचडीचा वास ठाण्यातल्या सीकेपी घराच्या जिन्यापर्यंत येतो. पावसाळ्यापूर्वी आगोटीला वाकटी, सुके बोंबील, जवळा भरून ठेवणारी आगरी-कोळी घरं टंचाईच्या भीतीनेच तसं करतात असं नाही. वांगं-बटाट्यात मूठभर जवळा पडल्यावर भाजीला जे होतं, ते ओल्या माशाने होत नाही.

मग सगळ्यांत चवदार मासा कोणता, याचं खाडीकाठच्या आगऱ्याला एक नाव सांगायला लावलं, तर तो बहुतेक वेळा जिताड्याचं सांगेल. खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत वाढणारा हा मासा सुरुवातीला नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. खाडीत येणाऱ्या नागरी आणि औद्योगिक सांडपाण्यामुळे तो आता पूर्वीसारखा सहज मिळत नाही, पण मिळाला की वाटा न करता अख्खा विकला जातो. ऑस्ट्रेलियात त्याला बारामुंडी म्हणतात, बंगालमध्ये भेटकी. डोंबिवलीच्या बाजारात एखाद्या दिवशी मोठा जिताडा आला, तर त्याच्यावर एकीकडून आगरी गिऱ्हाईक हात ठेवतं आणि दुसरीकडून बंगाली, दोघांनाही वाटत असतं की हा मासा फक्त आपल्याच गावाला कळतो.