घरात मांजर आहे आणि आता कुत्रे येणार आहे



गेल्या सत्रात सातवीतला एक विद्यार्थी चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी आला तो उजव्या मनगटाला पट्टी बांधून. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच्या काकांनी मुधोळहून कुत्र्याचे पिल्लू आणले होते. सगळे घर सोप्यात जमले. कुणीतरी म्हणाले, "मांजराला आणा, दोघांची ओळख करून देऊ." याने मांजर उचलले आणि पिल्लाच्या नाकासमोर धरले. पिल्लू भुंकले. मांजराने सुटण्यासाठी पंजे मारले, चावाही घेतला, आणि कौलांवर चढून जे गेले ते तीन दिवस घरी फिरकले नाही.

मी त्याला रागावले नाही. रागावणार कशी? काही वर्षांपूर्वी हीच चूक आमच्या घरी माझ्या हातून झाली होती. तेव्हापासून या विषयावर जे वाचले, जनावरांच्या डॉक्टरांना जे विचारले आणि जे स्वतः पाहिले, ते येथे लिहीत आहे. माझे सगळे शिक्षण इंदूरला हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मराठीत कुठे हिंदी वळण आले तर सांभाळून घ्यावे.

कुत्र्या-मांजराचे वैर जन्मजात असते, असे आपण धरून चालतो. पाणिनीने कायमचे वैर असणाऱ्यांच्या समासासाठी एक वेगळा नियमच केला आहे. मार्जारमूषकम् आणि अहिनकुलम् ही त्याची नेहमी दिली जाणारी उदाहरणे. मांजर आणि उंदीर यांचे वैर समजते, कारण एक खाणारा आणि दुसरा त्याचे खाद्य. कुत्र्या-मांजराचे तसे नाही. त्यांचे पुष्कळसे भांडण हे एकमेकांची भाषा न कळल्यामुळे होते.

कुत्रे शेपूट हलवते तेव्हा बहुधा खुशीत असते. मांजर शेपूट जोरजोरात आपटू लागले, तर ते चिडलेले असते. कुत्रे पुढचा पाय उचलते ते बरेचदा 'खेळतोस का' असे विचारण्यासाठी, तर मांजराचा उचललेला पंजा म्हणजे 'पुढे येऊ नकोस'. पिल्लू उताणे पडले तर ते शरण आलेले असते किंवा खेळात असते. कुत्र्यापुढे उताणे झालेले मांजर मात्र चारही पंजांनी लढायला तयार असते. म्हणजे एकजण प्रेमाने बोलतो आणि दुसऱ्याला ती शिवी ऐकू येते!

ही भाषा त्यांना शिकता येते. इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठाने 2008 साली कुत्रे आणि मांजर दोन्ही पाळणाऱ्या घरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश घरांत दोघांचे चांगले जमलेले आढळले, आणि खरी मारामारी थोड्याच घरांत होती. मांजर आधी आलेले असेल, आणि घरात येताना मांजर सहा महिन्यांच्या व कुत्रे एक वर्षाच्या आतले असेल, तर जमण्याची शक्यता जास्त असते, असेही त्यात दिसले. आपल्या भागात हे पटवून द्यायला नको. आपली मुले घरी मराठी बोलतात आणि बाजारात सहज कन्नड बोलतात, कारण दोन्ही भाषा लहानपणीच कानावर पडतात. मला इथे येऊन तीस वर्षे होत आली, पण भाजीवाल्या मावशी माझे कन्नड ऐकून अजून हसतात. असो.

आता मुधोळच्या कुत्र्याविषयी थोडे, कारण बेळगाव-निपाणी भागात हौसेने आणले जाते ते हेच. मुधोळ हे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पूर्वी ते घोरपडे घराण्याचे संस्थान होते आणि राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासली. महाराष्ट्रात तिला कारवानी म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीट काढले, आणि मुधोळजवळ तिम्मापूर येथे या जातीसाठी सरकारी संशोधन केंद्रही आहे. अभिमान वाटावा असाच कुत्रा आहे. पण तो शिकारी आहे, आणि नाकाने माग काढण्यापेक्षा नजरेने शिकार करणारा आहे. समोर काही पळाले की तो मागे सुटतो. पळणारा ससा आणि पळणारे मांजर यांत त्या क्षणी त्याला फरक दिसत नाही. म्हणून मोठे झालेले मुधोळ कुत्रे मांजर असलेल्या घरात आणताना दहादा विचार करावा. दोन-तीन महिन्यांचे पिल्लू आणले तर शिकवता येते, पण तेही घाई न करता.

घर आधी मांजराचे आहे, हे लक्षात ठेवून सुरुवात करावी. पिल्लू येण्यापूर्वीच मांजराला एक जागा राखून द्यावी, जिथे कुत्रे कधीच पोहोचणार नाही. माळा, उंच फळी, कपाटाचा माथा, काहीही चालेल. मांजराला उंचावरून खाली पाहता आले की त्याची निम्मी भीती जाते. पहिले काही दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे आणि नुसता वास ओळखू द्यावा. मांजर आपल्या पायांना गाल घासते तेव्हा ते आपला वास लावत असते. एक मऊ फडके त्याच्या गालावरून फिरवून पिल्लाच्या गोणपाटाखाली ठेवावे, आणि पिल्लाच्या अंगावरून फिरवलेले फडके मांजराच्या जागेजवळ. फडक्याकडे पाहून मांजर फिस्कारले तर अजून थांबावे. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवण द्यावे, म्हणजे त्या वासाबरोबर पोट भरल्याची आठवण जुळते.

दोघेही शांतपणे जेवू लागले की दाराला जाळी किंवा आडवी फळी लावून एकमेकांना दिसू द्यावे. त्यानंतर समोरासमोर, पण पिल्लू पट्ट्याने बांधलेले आणि मांजर मोकळे. उलट कधी करू नये, आणि मांजराला उचलून तर मुळीच नेऊ नये. पाच मिनिटे पुरेत. पिल्लाने मांजरावरून नजर काढून तुमच्याकडे पाहिले की लगेच खाऊ द्यावा. ते ताठ उभे राहून टक लावून पाहू लागले, तर ओरडू नये, मारू नये, शांतपणे दुसरीकडे न्यावे. मारले तर पिल्लू एवढेच शिकते, की मांजर दिसले की मार बसतो, आणि मग त्याचा राग मांजरावरच जातो. आमच्या घरी या सगळ्याला पाच आठवडे लागले. शेजारच्या काकूंकडे दहा दिवसांत झाले, कारण त्यांचे मांजर अजून पिल्लूच होते.

पालकांनी पुढचा भाग मुलांना वाचून दाखवावा. भांडण लागले तर मध्ये हात घालू नये. ताट वाजवावे, पाणी टाकावे किंवा दोघांमध्ये जाड पांघरूण टाकावे. तरीही चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण पंधरा मिनिटे वाटतात त्यापेक्षा खूप मोठी असतात. हळद, चुना, तिखट असले काही भरू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि डॉक्टर सांगतील तेवढी सगळी इंजेक्शने घ्यावीत. दोन घेऊन 'आता बरे वाटते' म्हणून थांबू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. हा रोग मांजराच्या चाव्यातूनही होऊ शकतो. आपल्याकडे कुत्र्याला लस टोचतात आणि मांजराला विसरतात. दोघांनाही तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस द्यावी व पुढची डॉक्टर सांगतील त्या तारखेला, आणि ही तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

आमच्या त्या विद्यार्थ्याची सगळी इंजेक्शने झाली आहेत. मांजरही परत आले आहे आणि सध्या माळ्यावर मुक्कामाला आहे. परवा त्याने सांगितले, की फडक्याकडे पाहून ते आता फिस्कारत नाही.

आमच्या घरी दोघे एका खोलीत झोपतात, तरी कुणी घरात नसताना त्यांना अजूनही वेगळे ठेवतो. मांजराची वाटी फळीवर असते, कारण खाली ठेवली तर कुत्रे ती रिकामी करते. बाकी कुरबूर चालूच असते, मुख्यतः दुपारी सोप्यात येणाऱ्या उन्हाच्या जागेवरून, आणि ती जागा बहुधा मांजरालाच मिळते.