सारकॉइडोसिस आणि व्यवसाय

सारकॉइडोसिस या विकारात फुफ्फुसे, लसिका ग्रंथी, त्वचा इत्यादी अवयवांत पेशींच्या सूक्ष्म गाठी तयार होतात. त्याचे निश्चित कारण अद्याप ज्ञात नाही. मात्र रुग्णाच्या व्यवसायाचा शोध घेतल्यास काही महत्त्वाचे दुवे मिळतात.

अमेरिकेतील सेलम येथे फ्लुरोसंट दिव्यांच्या कारखान्यातील कामगारांचा आजार प्रथम सारकॉइडोसिसच समजला गेला. १९४६ मध्ये हॅरिएट हार्डी व आयर्विंग टॅबरशॉ यांनी अशा १७ रुग्णांची माहिती प्रसिद्ध करून बेरिलियमच्या संयुगांकडे लक्ष वेधले. आज विशेष रक्तचाचणीने हा आजार वेगळा ओळखता येतो.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात २००१ पूर्वीच्या १५ वर्षांत दरवर्षी लाखामागे सरासरी १५ नवे रुग्ण आढळत. वर्ल्ड ट्रेड सेंटर कोसळल्यानंतर तेथील धुळीत काम केलेल्या जवानांमध्ये पहिल्याच वर्षी हे प्रमाण ८६ झाले.

भारतात या विकाराची लक्षणे व एक्स-रे क्षयरोगासारखे दिसत असल्याने निदान चुकण्याचा संभव असतो. परिणामी रुग्ण अनावश्यक औषधे घेत राहतो आणि कामगार त्याच धुळीत परततो. म्हणूनच ‘खोकला किती दिवसांपासून आहे?’ याबरोबर ‘काम कोणते करता?’ हेही विचारणे आवश्यक आहे.